एका माणसाची किती खाती असावीत?

वेगवेगळ्या आवडींसाठी समाजमाध्यमांवर वेगवेगळी खाती ठेवावीत का, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी गणित शिकवते आणि पक्ष्यांची छायाचित्रेही काढते. दोन्ही गोष्टी इन्स्टाग्रामच्या एकाच खात्यावर टाकते. पक्षी दिसू लागले की विद्यार्थी अनफॉलो करतात. दोन खाती करावीत का?

उत्तर : अवश्य करावीत. मात्र विषय दोन आहेत म्हणून नव्हे, तर तुमच्याकडे येणारी माणसे दोन प्रकारची आहेत म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गसमीकरण समजून घ्यायला आलेला विद्यार्थी आणि पाण्यात सूर मारणारा खंड्या पाहायला आलेला पक्षिप्रेमी हे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. नवा माणूस तुमच्या पानावर आला की बायोची एक ओळ वाचतो, वरच्या नऊ-दहा चौकोनांवर नजर फिरवतो आणि तेवढ्यावरच थांबायचे की जायचे ते ठरवतो. त्या चौकोनांत पाच पक्षी आणि चार समीकरणे असतील, तर ‘हे आपल्यासाठी नाही’ असे दोघांनाही वाटते. शिवाय कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे इन्स्टाग्राम बहुतांशी पाहणाऱ्यांच्या प्रतिसादावरून ठरवते, त्यामुळे न थांबता पुढे सरकवलेल्या पोस्टचा फटका तुम्हालाच बसतो.

हा सल्ला मी सर्वांना देणार नाही. बागकाम आणि स्वयंपाक या दोन्हींवर लिहिणाऱ्याचे वाचक पुष्कळदा तेच असतात. तेथे खाते फोडले तर काम दुप्पट होते आणि वाचक मात्र तेवढेच राहतात. शेवटच्या वीस प्रतिक्रिया काढून पाहा. पक्ष्यांवर लिहिणारी आणि गणितावर लिहिणारी नावे वेगळी निघाली, तरच वेगळे व्हा. जुने खाते ज्यांची संख्या मोठी आहे त्यांच्याकडे राहू द्या, पक्ष्यांची जुनी छायाचित्रे पुसून न टाकता अर्काइव्ह करा, म्हणजे ती इतरांना न दिसता तुमच्याकडे जपून राहतील, आणि नव्या खात्याचा पत्ता एका स्वतंत्र पोस्टमध्ये द्या.

प्रश्न : मला टोपणनावाने कविता लिहायच्या आहेत. कार्यालयातील सहकाऱ्यांना ते खाते माझे आहे हे कळता कामा नये. हे शक्य आहे का?

उत्तर : तुमची अडचण मी पूर्णपणे समजू शकतो. घरचे, कार्यालयातले आणि अनोळखी लोक एकाच पोस्टसमोर एकाच वेळी उभे राहिले की माणूस मोकळेपणाने लिहीत नाही. ॲलिस मारविक आणि डॅना बॉइड या संशोधकांनी ट्विटर (आताचे एक्स) वापरणाऱ्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये नेमकी हीच संदर्भांची सरमिसळ मांडली होती.

नाव लपवणे सोपे आहे, खरा धोका फोन नंबरचा आहे. तुमचा नंबर सहकाऱ्याच्या फोनमध्ये असतो. त्याने आपली संपर्कयादी ॲपला दिली आणि तुम्ही तोच नंबर कवितांच्या खात्याला जोडला असेल, तर ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ या सूचनेत तुमचे टोपणनाव त्याच्यासमोर येऊ शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्विटरने एका त्रुटीची कबुली दिली होती. त्या त्रुटीमुळे फोन नंबर किंवा ईमेल टाकून तो कोणत्या खात्याशी जोडलेला आहे हे शोधता येत होते, आणि टोपणनावाने लिहिणाऱ्यांसाठी ही गोष्ट गंभीर होती. म्हणून कवितांच्या खात्यासाठी वेगळा ईमेल घ्या, संपर्कयादी जोडू नका, नंबर किंवा ईमेलवरून शोधू देणारी सेटिंग बंद ठेवा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच तात्पुरता कोड तयार करणारे ॲप) वापरा. आपल्या नेहमीच्या खात्यावरून कवितांना लाइक देण्याचा मोह आवरा. बिंग बहुधा तेथेच फुटते.

फेसबुकने २०२३ पासून एकाच खात्यात आणखी चार प्रोफाइल उघडण्याची सोय दिली आहे. आवडीनिवडी वेगळ्या ठेवण्यासाठी ती चांगली आहे, परंतु ही सर्व प्रोफाइल आतून एकाच खात्याला बांधलेली असतात, हे विसरू नका.

प्रश्न : तीन खात्यांवर एकच पोस्ट टाकली तर चालेल का?

उत्तर : नाही. तसे केले तर खाती वेगळी ठेवण्यात अर्थच उरत नाही. शिवाय एकसारखा मजकूर अनेक खात्यांवरून टाकणे एक्सच्या नियमांत बसत नाही. विषय सर्वांच्या कामाचा असेल, तर प्रत्येक वाचकवर्गासाठी तो नव्याने लिहा.

प्रश्न : हौसेने पाच खाती उघडली, आता एकही धड चालत नाही. बंद कोणती करावीत?

उत्तर : प्रत्येक खात्याचे गेल्या महिन्यातील संदेश उघडून पाहा. जेथे कोणी काही विचारले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे, ते खाते जिवंत आहे, ते ठेवा. केवळ जवळच्यांसाठी उघडलेले खाते बहुधा अनावश्यक असते, कारण इन्स्टाग्रामवर २०१८ पासून ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी करता येते आणि तेवढ्यांनाच दिसणारी स्टोरी मुख्य खात्यावरूनच टाकता येते.

उरलेली खाती लगेच कायमची पुसू नका. सुटलेले नाव दुसऱ्या कोणी उचलले, तर तुमचे जुने वाचक फसू शकतात. त्यावर ‘आता येथे लिहीत नाही’ अशी एक पोस्ट टाकून ती सर्वात वर पिन करा, पासवर्ड बदला आणि ॲपमधून ते खाते काढून टाका. खाती बदलत राहणाऱ्याच्या हातून एकीकडचा मजकूर दुसरीकडे जाण्याची चूक सहज होते. ज्या दोन खात्यांवर तुम्ही लिहीत राहाल त्यांना पूर्णपणे वेगळ्या रंगाचे प्रोफाइल-चित्र लावा आणि ‘पोस्ट’ दाबण्यापूर्वी खात्याचे नाव व ते चित्र एकदा पाहून घ्या.