बंद पडलेला चिवडा, नवे गाणे आणि बी.कॉम.चे दुसरे वर्ष

पत्राचा सारांश : गंगाखेड तालुक्यातील एका मातेचे हे पत्र आहे. त्यांचे सासरे आणि चुलत सासरे यांनी भागीदारीत काढलेला मुरमुऱ्यांचा चिवडा परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या बाजारगावांत एके काळी चांगला खपत असे; 2011 मध्ये ती भट्टी बंद झाली. त्यांची मुलगी छत्रपती संभाजीनगरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते, गाते आणि मित्रांबरोबर मराठी रॅपची रील्स करते. कॉलेज सोडून हाच चिवडा, त्याच नावाने, कॉलेजच्या मुलांसाठी गाण्याच्या जोरावर पुन्हा बाजारात आणायचा तिचा निश्चय आहे. एका नावाजलेल्या रॅपरला घेऊन व्हिडिओ करण्यासाठी 6 लाख रुपयांची मुदत ठेव मोडावी, असा तिचा आग्रह आहे. "यात काही करिअर आहे का, की हा नुसता नाद आहे?" असे या ताई विचारतात.

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवीचे तोंड चिकटवताना बोटे पोळत आणि तरी दिवाळीच्या आधी जावा-जावा मिळून रात्री एकपर्यंत पुडे भरत होतात, हे आपण लिहिले आहे. त्यामुळे मुलीच्या बोलण्याने आपल्याला आनंद आणि धास्ती दोन्ही एकदमच का वाटले, हे समजते. आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. यात करिअर आहे. एखाद्या मालाला ओळख देणे, ती ओळख कोणत्या वयाच्या माणसापर्यंत कोणत्या आवाजातून न्यायची हे ठरवणे आणि त्यावर झालेला खर्च विक्रीतून परत येतो की नाही हे तपासणे, हे पूर्ण वेळेचे काम आहे आणि त्यासाठी कंपन्या, जाहिरात संस्था आणि संगीत कंपन्याही माणसे नेमतात. मात्र मुलीने मांडलेल्या योजनेत या तीन कामांपैकी मधलेच काम आहे. शिक्षण सोडणे आणि ठेव मोडणे, या दोन्हींना माझा विरोध आहे. चिवड्याला नाही.

जुना ब्रँड परत आणताना घरच्या माणसांची एक ठरावीक फसगत होते. आपल्याला त्या पुड्याची आठवण आहे, म्हणून ती सगळ्यांनाच असेल असे वाटू लागते. आज अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा भट्टी बंद पडली तेव्हा अगदी लहान होता; "तोच जुना चिवडा परत आला" या वाक्यातले "तोच", "जुना" आणि "परत" हे तिन्ही शब्द त्याच्यासाठी रिकामे आहेत. कॅम्पा कोलाचे उदाहरण मुलीला माहीत असेलच. 1977 मध्ये कोका-कोला भारतातून गेल्यावर हे पेय वाढले, परदेशी पेये परतल्यावर मागे पडले, 2022 मध्ये रिलायन्सने ते नाव विकत घेतले आणि मार्च 2023 मध्ये पुन्हा बाजारात आणले. वर्तमानपत्रांनी आठवणींवर भरपूर लिहिले, पण कॉलेजच्या नाक्यावर ती बाटली उचलली गेली ती 200 मिलिलिटर 10 रुपयांना मिळत होती म्हणून, असे माझे मत आहे. आठवण आजोबांना दुकानापर्यंत आणते, नातवाला त्याच्या स्वतःचे असे काही कारण लागते. ते कारण गाणे होऊ शकते, एवढ्यापुरते मुलीचे म्हणणे बरोबर आहे.

गाण्याची ताकद तिने कमी लेखलेली नाही, पण ती कोणीकडे जाते हे तिने पाहिलेले नाही. रेडिओ सिलोनवर 1952 मध्ये सुरू झालेली बिनाका गीतमाला आपल्या सासऱ्यांच्या पिढीने बुधवारी रात्री कान लावून ऐकली. हिंदी चित्रगीतांचा हा कार्यक्रम बिनाका या टूथपेस्टच्या प्रचारासाठी होता. पुढे टूथपेस्टचे नाव बदलून सिबाका झाले, तसे कार्यक्रमाचेही बदलले. आज कोणाही जुन्या माणसाला विचारले तर निवेदक अमीन सायानी यांचा आवाज आठवतो, टूथपेस्टची चव आठवत नाही. एका नामांकित रॅपरच्या व्हिडिओत चिवड्याचा पुडा दहा सेकंद दिसला, तर लोकांच्या लक्षात कोण राहील, याचा अंदाज यावरून करता येईल. आपण आपल्या ठेवीतून त्या रॅपरची प्रसिद्धी कराल.

आता हिशेब. 10 रुपयांच्या पुड्यातून दुकानदाराचे आणि स्टॉकिस्टचे कमिशन, मुरमुरे, शेंगदाणे, तेल, पिशवी, गाडीभाडे आणि परत आलेला माल वजा जाता समजा 1 रुपया सुटला, तर 6 लाख रुपये वसूल व्हायला 6 लाख पुडे विकावे लागतील. 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 18 लाख 36 हजार होती; म्हणजे तान्ह्या बाळांसह जिल्ह्यातल्या दर तिसऱ्या माणसाने एक पुडा घ्यायला हवा, आणि तेव्हा कुठे व्हिडिओचा खर्च निघेल, नफा नव्हे. हा हिशेब मुलीकडूनच कागदावर करून घ्यावा. ती वाणिज्य शाखेची आहे, तिला तो माझ्यापेक्षा चांगला जमेल आणि आपण सांगितलेल्यापेक्षा स्वतः मांडलेला आकडा तिला जास्त पटेल.

पत्राच्या शेवटी आपण सहज एक गोष्ट लिहिली आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रात तीच सर्वांत मोलाची आहे. माळेगावच्या यात्रेत सासरे पाटीवर चिवडा ठेवून "मूठभर घ्याऽ, घरभर वाटाऽ" अशी आरोळी देत आणि "वाटा"वर आवाज चढवून टाळी वाजवत, त्यामुळे मुले ती आरोळी गावभर म्हणत फिरत. ताई, याला विपणनाच्या भाषेत ध्वनिचिन्ह म्हणतात, आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी मोठा पैसा मोजतात. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलची सुरावट 1994 पासून वाजते आहे आणि ती काही सेकंदांचीच आहे. ए. आर. रहमान यांनी 2002 मध्ये एअरटेलसाठी केलेली धून लोकांनी स्वतःच्या फोनवर वाजवली. दोन्ही ठिकाणी बळ होते ते छोटेपणात आणि पुनःपुन्हा वाजण्यात. आपल्या घरात सहा शब्दही नसलेली, टाळीसकट तयार ओळ पडून आहे, आणि मुलगी मात्र दुसऱ्याच्या तीन मिनिटांच्या गाण्यात दहा सेकंद मागायला निघाली आहे.

त्या आरोळीभोवती पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा बांधावा, त्याला हलगीचा ठेका द्यावा, तिने आणि तिच्या मित्रांनीच तो म्हणावा आणि टाळीची जागा ऐकणाऱ्याने भरावी अशी ठेवावी. रीलवर मुले तेच उचलतात ज्यात त्यांना स्वतःला काही करता येते. हलगीवाला गावातलाच घ्यावा आणि त्याला मानधन द्यावे. ते किती, त्याचे वादन कोठे कोठे व किती काळ वापरले जाईल, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. व्यवसायाच्या प्रचारासाठी चित्रपटातले गाणे परवान्याशिवाय वापरता येत नाही, हे रील्स करणाऱ्या मुलांच्या फारसे गावी नसते. आपल्या कॉपीराइट कायद्यात कवीच्या शब्दांचे आणि संगीतकाराच्या चालीचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतात आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. टायटन घड्याळांच्या जाहिरातीत मोझार्टची सिम्फनी वाजते. ती चाल सर्वांची आहे, पण तिचे वाजवून घेतलेले प्रत्येक मुद्रण कोणाचे तरी आहे. परंपरेने आलेल्या लोकगीताचेही तसेच. एक सूचना जाता जाता करतो. संबळ घ्यायचा असेल तर गोंधळाचा ठेका घ्यावा, आईचे नाव घेऊ नये. तुळजापूर आणि माहूर या दोन्ही ठिकाणांना मानणारा आपला प्रदेश आहे, चिवड्याच्या पुड्यावर आणि जाहिरातीत देवीचा उदो आलेला लोकांना रुचणार नाही, आणि रुचू नये असे मलाही वाटते.

गाण्याआधी नावाचे पाहावे लागेल. आपण लिहिता की पुड्यावरचे नाव आणि बैलगाडीचे चित्र "रजिस्टर केलेले होते". ट्रेडमार्कची नोंदणी 10 वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते; भट्टी बंद झाल्यावर ते कोणी केले असेल असे पत्रावरून दिसत नाही. शिवाय नोंद जिवंत असली, तरी सलग 5 वर्षे वापर नसल्यास ती काढून टाकण्याचा अर्ज बाधित व्यक्तीला करता येतो. ट्रेडमार्क नोंदवहीत नाव शोधायला पैसे लागत नाहीत. वर्ग 30 मध्ये, म्हणजे धान्यापासून केलेले खाद्यपदार्थ ज्यात येतात त्या वर्गात, ते ऑनलाइन पाहता येते, आणि मोकळे असल्यास व्यक्तीच्या नावे ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये आहे. याहून नाजूक गोष्ट अशी की हे नाव भागीदारीचे होते. चुलत सासऱ्यांच्या मुलांपैकी एक जण हैदराबादला स्थायिक आहे आणि दोन घरांत बोलणे कमी आहे, असे आपण लिहिले आहे. चिवडा खपला नाही तर कोणी विचारणार नाही. खपला तर सगळे विचारतील. म्हणून भट्टी पेटण्याआधी त्या घरची लेखी संमती वकिलाकडून मसुदा करून घ्यावी.

मालाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात आपण माझ्यापेक्षा जाणत्या आहात. फक्त तेव्हा आपला चिवडा आठवड्यात संपत असे. आता तो दुकानात लडीला दोन-तीन महिने टांगलेला राहील, आणि मेणबत्तीवर चिकटवलेल्या साध्या पिशवीत तो मऊ आणि खवट होईल. नायट्रोजन भरलेली, आतून चंदेरी थर असलेली पिशवी लागते. तेल पुनःपुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या ध्रुवीय घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांपेक्षा वर गेले की ते तेल वापरता येत नाही, पुड्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक छापावा लागतो. एक बातमी सोयीची आहे : 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. तेथील पदवीसाठी बारावी विज्ञान लागते, त्यामुळे मुलीला प्रवेशाचा मार्ग नाही, पण टिकवणकाळाविषयी सल्ला घेण्यासाठी तिने तेथे जरूर जावे. उद्योजकता विकासाचे अभ्यासवर्ग घेणाऱ्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय तर ती राहते त्याच शहरात आहे.

मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत पुढील प्रयोग करावा, असे मी सुचवतो, आणि त्यासाठी ठेवीला हात न लावता साठ-सत्तर हजारांची मर्यादा आपण घालून द्यावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी झाल्यावर मोजका माल करावा. तो गंगाखेड आणि जिंतूर या दोन गावांत, प्रत्येकी वीस दुकानांत, सारख्याच लड्या देऊन, रोखीने ठेवावा. गाण्याचा तुकडा फक्त गंगाखेडात चालवावा : तेथल्या मुलांच्या रील्स, कॉलेजजवळची रसवंती, आठवडी बाजारात प्रत्यक्ष हलगी. जिंतुरात काहीच करू नये. पंधरा दिवसांनी दोन्हीकडे जाऊन दुकानदारांनी दुसऱ्यांदा माल मागितला का, हे वहीत लिहावे. गंगाखेडात पहिला माल लवकर संपला आणि दुसरी मागणी आली नाही, तर गाणे चांगले आहे आणि चिवड्यात खोट आहे. जिंतुरात हळू खपूनही दुसरी मागणी आली, तर चिवडा चांगला आहे आणि गाण्यावर खर्च करण्यात अर्थ आहे. दोन्हीकडे दुसरी मागणी आली नाही, तर ठेव वाचली. रीलला किती जणांनी पाहिले हा आकडा तिने वहीच्या मागच्या पानावर लिहावा, पुढच्या पानावर नको.

ही वही तिच्या करिअरचे पहिले कागदपत्र ठरेल. विपणनातल्या उच्च शिक्षणासाठी पदवी लागते, मग ते राज्याच्या एमबीए सीईटीतून असो, कॅट या प्रवेश परीक्षेतून असो किंवा जाहिरात व संज्ञापनासाठी 1991 पासून चालणाऱ्या अहमदाबादच्या मायका या संस्थेतून असो. मुलाखतीत "मला संगीत आवडते" असे सांगणारे पुष्कळ येतात. दोन तालुक्यांतल्या चाळीस दुकानांचा स्वतः जमवलेला हिशेब घेऊन येणारी मुलगी समितीने क्वचित पाहिलेली असेल. पदवीला दीड वर्ष उरले आहे. तेवढ्या काळात चिवडा चालला तर ती पदवीधर होऊन धंद्यात उतरेल, नाही चालला तर त्या वहीसह पुढे शिकेल किंवा एखाद्या खाद्यपदार्थ कंपनीत विक्री विभागापासून सुरुवात करील. विक्रीची लाईन फिरणे तिला कमीपणाचे वाटू नये, कारण ब्रँड सांभाळणाऱ्या अनेकांची उमेदवारी दुकानांच्या दारातच झालेली असते.

आपण "नाद" हा शब्द रागाने वापरला आहे, असे वाटते. मुलीला तो तसाच्या तसा वाचून दाखवावा; गाणाऱ्या मुलीला त्याचा दुसरा अर्थ सांगावा लागणार नाही.

संमतीच्या कागदासाठी चुलत सासऱ्यांकडे जाल तेव्हा तिला बरोबर न्यावे. ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि यात्रेत भावाच्या शेजारी उभे राहून तेही आरोळी देत, असे आपणच लिहिले आहे. सही घेण्याआधी ती आरोळी त्यांच्या तोंडून, टाळीसकट, फोनवर रेकॉर्ड करून घ्यावी. "वाटा"वर आवाज नेमका किती चढतो, हे आता त्या एकाच माणसाला ठाऊक आहे.

आपला,
करिअर मार्गदर्शक