व्हिटॅमिन सीचे क्रिस्टल होतात, मग व्हिटॅमिन ई तेलासारखं का असतं?

रेणूचा आकार आणि हायड्रोजन बाँड (एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूला धरतो ती ओढ), सगळा खेळ ह्या दोघांचाच. सीचा रेणू छोटासा, त्यात चार ओएच ग्रुप (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, ज्या असे बाँड करतात), त्यामुळे तो आजूबाजूच्या रेणूंना सगळीकडून धरून बसतो आणि जाळं इतकं घट्ट होतं की साधारण १९० अंश सेल्सिअसला वितळतो, तेही वितळता वितळताच विघटन होतं. ईमध्ये ओएच एकच, तोही मिथाइल ग्रुपच्या (एक कार्बन, तीन हायड्रोजन) गर्दीत अडकलेला, वर ती लांब लुळी शेपटी, नीट रचून बसतच नाही, म्हणून तेल.

पण नुसते ओएच मोजून भागत नाही हां, नायसिनमध्येपण (व्हिटॅमिन बी३) एकच आहे, फक्त रेणू चपटा, आणि त्याचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या रिंगमधला नायट्रोजन पकडतो, अशा साखळ्या मस्त दाटीने बसतात, वितळायला २३६ अंशांच्या आसपास लागतात!