‘स्ट्रेट एज’ जीवनपद्धती स्वीकारावी का, आणि मित्रांच्या आग्रहाला काय उत्तर द्यावे?

दारू, अमली पदार्थ आणि तात्पुरते शारीरिक संबंध यांपासून दूर राहायचे आपण ठरवले आहे, मित्र त्यावरून छेडतात, आणि ‘स्ट्रेट एज’चा मार्ग आपल्याला मानवेल का, असे आपण विचारले आहे. ‘स्ट्रेट एज’ म्हणजे हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉक संगीताच्या वर्तुळात रुजलेली, या तिन्ही गोष्टी टाळण्याची जीवनपद्धती. हे संगीत मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि या तिन्ही गोष्टी मीही टाळतो, म्हणून लिहितो.

हा विचार वॉशिंग्टनमधील पोरसवदा वादकांमध्ये रुजला. १९८० साली ‘टीन आयडल्स’ या बँडची मुले सॅन फ्रान्सिस्कोला कार्यक्रमासाठी गेली असता, त्यांना दारू दिली जाऊ नये म्हणून क्लबवाल्यांनी त्यांच्या हातांवर ठळक काळी फुली मारली. परत आल्यावर त्यांनी आपल्या शहरातील क्लबचालकांपुढे हाच तोडगा ठेवला: हातावर फुली मारा, पण गाणे ऐकायला आत सोडा. पुढे पिण्याचे वय झालेली मुलेही आपण होऊन ती फुली काढू लागली.

१९८१ मध्ये ‘टीन आयडल्स’मधील इयन मकाय यांच्या ‘मायनर थ्रेट’ या पुढच्या बँडच्या, मिनिटभरही न चालणाऱ्या गाण्यातून या जीवनपद्धतीला नाव मिळाले. आपल्याला चळवळ उभारायची नव्हती, आणि आक्षेप शरीरसंबंधांवर नसून त्यांतील दुसऱ्याला ‘जिंकण्याच्या’ वृत्तीवर होता, हे मकाय यांनी नंतर स्पष्ट केले. आपल्या तिसऱ्या निश्चयाचा अर्थही मी असाच घेईन. नव्वदच्या दशकात सॉल्ट लेक सिटीतील काही स्ट्रेट एज तरुण मात्र दारू-सिगारेट पिणाऱ्यांना मारहाण करण्यापर्यंत गेले. त्या वाटेला आपण मुळीच जाऊ नये.

आता मित्रांविषयी. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला मटणाचा आग्रह सहसा कोणी करत नाही, कारण त्याचा नकार सर्वांना आधीच ठाऊक असतो. फुलीही तेच काम करते. आपण मात्र कधी गाडी चालवायची आहे, कधी औषध चालू आहे, अशी कारणे देत राहिलात, तर समोरच्याला पुढच्या वेळी पुन्हा विचारायला जागा उरते. ‘मी पीत नाही’ एवढेच एकदा सरळ सांगावे, लिंबू सरबत घेऊन शेवटपर्यंत गप्पांत बसावे आणि दुसऱ्याच्या ग्लासाविषयी चकार शब्द काढू नये. त्यानंतरही जे ग्लास पुढे करतच राहतील, त्यांना सकाळी टेकडीवर किंवा मैदानावर भेटावे. रात्रीची बैठक टाळल्याने चांगली मैत्री तुटत नाही, असा माझा अनुभव आहे.