वसाहतीची स्टेशन बस: आधी वही घेऊन गेटवर उभे राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कल्याणच्या पुढे नवी वसाहत, साधारण सहाशे फ्लॅट, स्टेशन चार किलोमीटर, पालिकेची बस येत नाही. स्वतःची बससेवा सुरू करायची तर सुरुवात कुठून करायची?

आम्ही बदलापूर पश्चिमेला हा उद्योग करून बसलो आहोत. पहिल्या वर्षी तोंडावर आपटलो, दुसऱ्या वर्षी जमलं. तेव्हा अनुभवाचंच सांगतो.

व्हॉट्सॲपवर पोल घेऊ नका. आमच्या ग्रुपवर 'बस हवी का' विचारल्यावर दोनशेच्या वर अंगठे आले. पाचशे रुपये अनामत मागितली तेव्हा साठसुद्धा पावत्या फाटल्या नाहीत. अंगठा फुकट असतो. त्यापेक्षा मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस पहाटे सहा ते साडेनऊ गेटवर वही घेऊन बसा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी आणि पाच रकाने: चालत, स्वतःची दुचाकी, कोणीतरी सोडायला आलेलं, शेअर रिक्षा, अख्खी रिक्षा. बसचं खरं गिऱ्हाईक शेवटच्या तीन रकान्यांत असतं. ज्याची दुचाकी आहे आणि स्टेशनजवळ ती लावायला जागा आहे, तो पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बसमध्ये चढत नाही.

मग लोकलचं वेळापत्रक पुढे ओढा. बस दर वीस मिनिटांनी सोडायची हे कागदावर छान दिसतं, पण आपल्या कर्जत लाइनवर गाड्या अशा समान अंतराने येत नाहीत. त्यात बदलापूरहून सुटणारी गाडी आणि कर्जत-खोपोलीहून भरून येणारी गाडी यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. आमचे निम्मे लोक बदलापूर लोकल धरूनच घरातून निघतात. म्हणून गाडीच्या वेळेपासून उलटं मोजायचं. ७:४० ची लोकल असेल तर बस ७:२८ ला स्टेशनला लागली पाहिजे, कारण पूल चढून पलीकडच्या फलाटावर जायला सहा-सात मिनिटं जातात आणि रेल्वेचा पास संपला आहे हे अनेकांना तिथे पोचल्यावरच आठवतं.

आता गाड्या किती लागतील? चार किलोमीटरला सकाळी थांबे धरून १६ मिनिटं, परतताना १४, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं. झाली ४० मिनिटांची फेरी. वीस मिनिटांनी बस हवी तर ४० भागिले २०, म्हणजे दोन गाड्या. ६:२० ते ९ या वेळात प्रत्येकीच्या चार फेऱ्या, एकूण आठ. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर धरली तर १३६ जागा. पण बसचे १३६ मासिक पास विकले जातील असं समजू नका. सव्वासातच्या फेरीला लोक दारात लटकायला तयार असतात आणि शेवटच्या फेरीत ड्रायव्हर एकटा गाणी ऐकत जातो. शंभर पास धरा.

इथेच आमचं पहिल्या वर्षीचं गणित चुकलं. समजा, ठेकेदाराने एका गाडीचे महिन्याला सत्तर हजार मागितले. दोन गाड्यांचे एक लाख चाळीस हजार, भागिले शंभर, म्हणजे पास चौदाशेचा. तुमच्याकडे शेअर रिक्षाची सीट वीस रुपये असेल तर जाऊन-येऊन चाळीस, पंचवीस दिवसांचे हजार. म्हणजे बस रिक्षापेक्षा महाग! कारण उघड आहे. सकाळी बस भरून जाते आणि रिकामी परत येते, आणि त्या रिकाम्या फेरीचं डिझेलही पासवाल्यांच्याच खिशातून जातं. शिवाय दहा ते पाच गाडी झाडाखाली उभी, तिचंही भाडं चालूच.

मग कोणीतरी सभेत हमखास म्हणतं, 'दुपारी शाळेची मुलं नेऊ या.' तो नाद सोडा. स्कूल बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून वेगळे नियम आहेत, परवाना वेगळा, गाडीची रचना वेगळी, सोबत परिचर लागतो. आमचा तोडगा साधा निघाला. ठेकेदाराला सांगितलं, तुझी गाडी आम्हाला फक्त सकाळी तीन तास आणि संध्याकाळी पाच तास दे, मधल्या वेळात ती एमआयडीसीत लाव. भाव खाली आला. पास रिक्षाच्या जवळपास येऊन टेकला.

परवान्याचं नीट समजून घ्या, कारण यात वसाहतीतल्या सोसायट्यांच्या फेडरेशनचे सेक्रेटरी अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळं तिकीट घेत चालणारी गाडी म्हणजे टप्पा वाहतूक, तिचा परवाना वेगळा. ठरलेल्या करारावर अख्खी गाडी घेणं म्हणजे कंत्राटी वाहतूक, आणि तुम्हाला हीच हवी. म्हणजे करार फेडरेशनच्या नावावर, प्रवासी फक्त पासवाले, यादी गाडीत ठेवलेली, आणि रस्त्यात हात करणाऱ्याला घ्यायचं नाही, मग तो शेजारच्या बिल्डिंगमधला का असेना. पांढऱ्या नंबरप्लेटची कोणाची तरी गाडी 'आपलीच आहे' म्हणून लावू नका. विनापरवाना वाहतुकीला कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांच्या दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच. करारावर सही करण्याआधी पिवळी प्लेट, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि ड्रायव्हरचा बॅज यांच्या प्रती घ्या. मूळ कागदही एकदा डोळ्यांनी बघा. स्वतः बस विकत घेण्याचा विषय निघाला तर शांतपणे विचारा, ड्रायव्हर आजारी पडला तर सकाळी सहाला कोण चालवणार? विषय संपतो.

पैसे मेंटेनन्समध्ये मिसळू नका. 'मी बसने जात नाही, मी का देऊ' हे भांडण अगदी रास्त आहे. वेगळं खातं, आगाऊ पास, तीन महिन्यांची रक्कम शिल्लक.

आणि खरा कस संध्याकाळी लागतो. सकाळी लोक ठरावीक वेळी निघतात, संध्याकाळी लोकल ठरवेल तेव्हा येतात. पहिल्या जुलैत आमची शेवटची बस वेळापत्रकाप्रमाणे दहाला सुटली. त्या दिवशी गाड्या रखडलेल्या. दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या तीन बायका स्टेशनबाहेरच्या पत्र्याखाली भिजत उभ्या, रिक्षावाला दीडशे मागतोय, आणि बस वसाहतीच्या गेटवर कोरडी उभी. दुसऱ्या दिवशी अकरा पास परत आले. अकराही जणांचं बरोबर होतं.

तेव्हापासून संध्याकाळचं वेळापत्रक आम्ही घड्याळावरून काढून टाकलं. लोकल अंबरनाथहून सुटली की गाडीतलं कोणीतरी ग्रुपवर फक्त 'अंबर' टाकतं. ड्रायव्हर चहाचा ग्लास खाली ठेवतो, गाडी थांब्यावर आणतो आणि लोकल रिकामी झाल्यावर सात मिनिटांनी निघतो. शेवटच्या बसला तर नियमच आहे, शेवटचा पासवाला आल्याशिवाय हलायचं नाही. त्या जादा वेळेचे पैसे करारातच लिहिलेत. रात्रीच्या या बसमुळेच नव्याने पास घेणारे आले. कोणी आपल्या मुलीसाठी घेतला, कोणी बायकोसाठी.

पावसाचं कलमही करारात घाला. उल्हास नदी फुगली की बॅरेज रोडकडे पाणी येतं, आणि जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती ते तुम्हालाही आठवत असेल. बस कुठून वळवायची, कधी बंद ठेवायची आणि त्या दिवसाचे पैसे कोणाचे, हे कोरड्या दिवसात ठरवलं तर भांडण होत नाही.

रिक्षा स्टँडवर बस सुरू व्हायच्या आधी जाऊन बोला. त्यातले निम्मे तुमच्याच आसपास राहतात. आम्ही थांबा स्टँडपासून दीडशे मीटर अलीकडे घेतला. बसला वळायला जागाही तिथेच होती, आणि कुरबूर महिन्याभरात थांबली.

मोजणी झाली की आकडे खाली कमेंटमध्ये टाका, फेऱ्या बसवून देतो. फक्त मे महिन्यात मोजू नका, अर्धी वसाहत गावी गेलेली असते.