चांदीची वायर, पुराचं पाणी आणि अर्थिंगचा खड्डा

आमचं हुपरीत चांदीचं काम चालतं. चांदीतून वीज सगळ्यात चांगली वाहते, मग वायरी तांब्याच्या का?

वहनात पहिला नंबर चांदीचाच. पण तांबं तिच्या जेमतेम पाच-सहा टक्के मागं आहे, आणि दोन्हींच्या भावातला फरक तुम्ही रोज बघता. खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचं वहन तांब्याच्या साधारण ६० टक्के, पण वजन एक तृतीयांशाहून कमी. त्यामुळं तार जाड घेतली तरी खांबाला हलकी पडते.

बटण दाबताच दिवा लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉन इतके जोरात पळतात?

नाही. वायरीतले इलेक्ट्रॉन सेकंदाला एक मिलिमीटरही सरकत नाहीत. घरच्या विजेत तर ते जागच्या जागी मागं-पुढं हलतात. पाइपलाइन भरलेली असली की मोटार सुरू होताच शेवटच्या टोकाला पाणी पडतं ना, तसंच हे.

पुस्तकात लिहिलंय, शुद्ध पाण्यातून वीज जात नाही. मग शिरोळात आम्ही पुराच्या पाण्याला एवढं का भ्यायचं?

पुस्तक बरोबर आहे, पण पंचगंगेचं पाणी शुद्ध नाही. त्यात क्षार, माती, उसाला घातलेलं खत विरघळलेलं असतं. त्यातून सुटे झालेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्यात वीज वाहून नेतात. त्यात आपली कातडी ओली झाली, की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. घरच्या २३० व्होल्टला हजारनं भागून बघा : ०.२३ ॲम्पिअर, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर. माणूस वाचावा म्हणून बसवलेला आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) ३० मिलिॲम्पिअर गळतीलाच वीज तोडतो, यावरून धोका ओळखा.

२०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना कळकळीनं सांगतो, पाणी ओसरलं म्हणजे धोका टळला असं नाही. स्टार्टरच्या पेटीत, स्विचबोर्डात ओला गाळ बसलेला असतो. लाईट गेलेली असली तरी त्याला हात लावू नका, ती कधीही येते. ‘लाकडी काठीनं ढकलतो’ हेही नको. भिजलेलं लाकूड वीज वाहतं. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा कशाला?

तेच आयन इथं उपयोगी पडतात. मिठानं ओल्या मातीचं वहन वाढतं, कोळसा ओल धरून ठेवतो. खड्डा वाळला की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.