तसबिरीतला पोशाख

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या सभागृहातल्या तसबिरी पाहून तू विचारले आहेस की, गांधीजी उघड्या अंगाने आणि बाबासाहेब सूट-टायमध्ये, असा भेद चित्रकाराने का केला. हा भेद चित्रकाराचा नाही. आपण लोकांना कसे दिसावे, हे त्या दोघांनी स्वतः विचारपूर्वक ठरवले होते. 1921 मध्ये मदुराईला गांधीजींनी पंचा स्वीकारला, कारण अंगभर खादी घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांच्याहून अधिक कपडे वापरणे त्यांना पटेना. बाबासाहेबांची वाट नेमकी उलटी होती. ज्यांच्या अंगावरचे कपडेही गाव ठरवत असे, त्या समाजातला माणूस कोलंबिया विद्यापीठात शिकून नीटनेटक्या सुटात उभा राहतो, तेव्हा तो सूट म्हणजे नुसती हौस राहत नाही. 1927 मध्ये महाडला त्यांनी बायकांनाही सांगितले होते की, अस्पृश्यपणाची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा सोडून द्या.

आजीच्या बैठकीत सोलापुरी मागावर विणलेली बाबासाहेबांची तसबीर आहे, ती अगदी जवळून पाहा. नाकासमोर फक्त उभे-आडवे धागे दिसतील. चार पावले मागे सरलीस की त्यांतून चेहरा उमटेल. मागावर बारीकसारीक छटा साधत नाहीत, म्हणून विणकर पुष्कळ गोष्टी गाळतो, पण चष्मा, कॉलर आणि टाय मात्र तो कधी गाळत नाही.

ज्यांचे रूप लोकांनी मागाहून ठरवले, त्यांच्याबाबत मात्र सावध राहावे. सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या अहिल्यादेवी बहुतेक चित्रांत हातावर शिवलिंग घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांची भक्ती खरीच होती. तरी 1767 पासून 1795 पर्यंत राज्याचा कारभार पाहणाऱ्या, रयतेच्या फिर्यादी स्वतः ऐकणाऱ्या बाईच्या हाती एखादा कागद द्यावा, असे फार थोड्या चित्रकारांना वाटले, याचे मला मनापासून वाईट वाटते. देशाला आपल्या थोर स्त्रियांमध्ये काय पाहायला आवडते, तेच त्या चित्रात अधिक उतरले आहे.

भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक तुझ्या ओळखीचे आहे. 1938 मध्ये ते चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. चिनी सैनिकी गणवेशातले त्यांचे छायाचित्र नीट पाहा आणि तो पोशाख त्यांनी का घातला असेल, याविषयी तुला काय वाटते ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

तुझी,
आई