शालेय मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी सेट प्ले कसे बसवावेत?

तुम्ही लिहिलंय की जालना जिल्ह्यातल्या शाळेत १७ वर्षांखालच्या मुलींचा संघ तुमच्याकडे आहे. व्हिडिओ बघून आठ-नऊ सेट प्ले, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या चाली, बसवल्या, सरावात छान जमतात, पण सामन्यात पहिल्याच पासला सगळं विस्कटतं. मी लातूरकडे शाळेच्या मुलामुलींना बरीच वर्षं बास्केटबॉल शिकवतोय, त्या अनुभवातून सांगतो.

आधी प्ले कमी करा. शाळेच्या संघाला तीन पुरतात. बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या रेषेवरून, बॉल आत टाकतानाचा एक, साइडलाइनचा एक आणि हाफ कोर्टात चालवायचा एक.

प्ले कागदावर काढताना शेवटाकडून सुरुवात करा, म्हणजे शॉटपासून. तुमच्या संघातली कोणती मुलगी कोणत्या जागेवरून हमखास बास्केट करते? ती जागा आधी खुणेने मांडा, मग तिथे ती मोकळी कशी पोचेल ते मागे मागे शोधत या. आपल्याकडची बरीच कोर्टं उघडी, सिमेंटची. दुपारचा वारा सुटला की ६.७५ मीटरवरून टाकलेला बॉल भरकटतो. म्हणून तीन गुणांच्या शॉटवर संपणारा प्ले मी शाळेच्या संघाला देतच नाही. रिंगपासून दोन-तीन पावलांवरचा, बोर्डाचा आधार घेऊन मारता येणारा शॉट धरा.

आता बेसलाइनचा एक प्ले सविस्तर सांगतो. चौघी चौकोनात उभ्या. बॉलच्या बाजूला रिंगजवळ ‘क’, पलीकडे रिंगजवळ ‘ख’. फ्री थ्रो रेषेच्या बॉलकडच्या टोकाला ‘ग’, पलीकडच्या टोकाला ‘घ’. रेफरीने बॉल हातात दिला की ५ सेकंदांत आत टाकायचा आहे, त्यामुळे टाकणारीने मोठ्याने इशारा द्यायचा आणि लगेच सुरू.

‘ख’ सगळ्यात आधी पलीकडच्या कोपऱ्यात पळते. तिला बॉल मिळणार नाही, पण ती तिच्या डिफेंडरला रिंगखालून ओढून नेते आणि पुढची जागा रिकामी होते. त्याच वेळी ‘क’ तिरकी वर जाऊन ‘घ’च्या डिफेंडरला स्क्रीन लावते, म्हणजे तिच्या वाटेत स्थिर उभी राहून तिला अडवते, आणि ‘घ’ सरळ बॉलकडच्या बाजूने रिंगखाली घुसते. आता ‘क’च्या डिफेंडरची पंचाईत होते. ती ‘घ’ला अडवायला मागे सरली नाही तर ले-अप, म्हणजे पळत येऊन अगदी रिंगजवळून मारायचा सोपा शॉट, मिळतो. सरली, तर ‘क’ मोकळी. त्याच क्षणी ‘ग’ येऊन ‘क’च्या डिफेंडरला स्क्रीन लावते आणि ‘क’ ‘ग’ने सोडलेल्या जागेवर शॉटसाठी निघते. ‘ग’ स्वतः वर, तीन गुणांच्या रेषेबाहेर येते. दोन्ही पर्याय बंद झाले तर बॉल तिच्याकडे.

या प्लेचा सगळा जीव स्क्रीन लावणारीलाच लगेच स्क्रीन मिळण्यात आहे. मदतीला सरकलेली डिफेंडर हमखास उशिरा परतते. तुमच्या प्रत्येक प्लेला हीच कसोटी लावा. डिफेंडरने काहीही निवडलं तरी आपलं काहीतरी उघडं पडतंय का? पडत नसेल तर ती नुसती पळापळ आहे.

बहुतेक प्ले फसतात ते वेळेवर. स्क्रीन लागायच्या आधीच मुलगी पळत सुटते. पळणारीने थांबायचं, उलट्या दिशेला दोन पावलं टाकून हूल द्यायची आणि स्क्रीन लावणारीच्या खांद्याला खांदा घासून निघायचं. मधे डिफेंडरला शिरायला जागा ठेवायची नाही. हूल मात्र तुमच्या मुलींना वेगळी शिकवावी लागणार नाही. आपल्याकडे संघातल्या निम्म्या मुली खो-खो खेळून आलेल्या असतात. धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, इतका हा खेळ इथे रुजलाय. खांबाजवळ जशी हूल देतेस तशीच इथे दे, एवढं सांगितलं की मुलीला कळतं. अशी चपळ मुलगी ‘घ’च्या जागी ठेवा.

स्क्रीन लावणारीचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर हवेत. धक्का लागताना ती सरकत असेल तर फाउल तिच्यावरच. डिफेंडरला न दिसेल अशी मागून स्क्रीन लावायची असेल, तर नियमाप्रमाणे एका पावलाचं अंतर सोडावं लागतं. हे मैदानावर फक्कीने खूण करून दाखवा, तोंडी सांगून उमजत नाही.

समोरचा संघ झोन खेळत असेल तर हाच प्ले तसाच चालत नाही, कारण डिफेंडर माणसामागे न जाता जागा धरून राहते. तेव्हा मधल्या मागच्या डिफेंडरला आतून स्क्रीन लावा आणि तिच्या मागून बेसलाइनलगत एकीला पाठवा.

समोरच्यांना प्ले कळेल, ही भीती सोडा. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत प्रिन्स्टनने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. शेवटचं बास्केट होतं डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे कट मारून. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांचा संघ हाच कट वर्षानुवर्षं खेळत होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून सरावातही डिफेन्सला आधीच सांगून टाका की कोणता प्ले येतोय. सुरुवातीला मुली वैतागतात, पण डिफेंडर कुठे सरकली ते बघून निर्णय घ्यायची सवय अशीच लागते. पाचजणींना रिकाम्या कोर्टवर चालवत प्ले पाठ करून घेणं पहिल्या दोन दिवसांपुरतं ठीक.

हाफ कोर्टचा प्ले फार लांबवू नका. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले ८ पर्यंत बॉल पुढे आणण्यात जाऊ शकतात. प्ले सुरू केल्यापासून दहाएक सेकंदांत शॉट निघायला हवा, म्हणजे बिघडलं तरी दुसरं काही करायला वेळ उरतो.

साइडलाइनचा प्ले मात्र घोटून घ्या. शेवटच्या क्वार्टरच्या अखेरच्या २ मिनिटांत बॉल तुमचा असेल आणि मागच्या अर्ध्यातून सुरू होणार असेल, तर टाइम-आउटनंतर तो पुढच्या अर्ध्यातल्या साइडलाइनवरून घेण्याचा पर्याय फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात आहे. मग शॉटसाठी जास्तीत जास्त १४ सेकंद मिळतात. तुमच्या स्पर्धेत हा नियम लागू आहे का, ते सामन्याआधी पंचांना विचारून घ्या. टाइम-आउटमध्ये नवीन काही आखत बसू नका. प्लेचं नाव घ्या, कोण कुठे उभी राहणार ते सांगा आणि मुलींना पाणी पिऊ द्या.